साळवे मास्तरांची फॅशन

साळवे मास्तरांबद्दल काही सांगायचं म्हटलं की आधी मला रिया मॅडमचा राग येतो. तेव्हाही यायचा, आता गुडघे दुखतात तरी येतो. घरातले म्हणतात, सुनंदा, साठी जवळ आली, सोड की आता. कशाला सोडू? राग माझा, मी पोसते, कुणाच्या घरचं खातो का तो? आणि मास्तरांनीच मला शिकवलंय, राग धुवायचा नसतो, इस्त्री करून घडी घालून ठेवायचा असतो, म्हणजे लागेल तेव्हा अंगात चढवता येतो.

अंधेरीला मरोळच्या बाजूला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. बायकांचे तयार कपडे शिवायचा कारखाना. मी तिथे चेकर. शिवून आलेला प्रत्येक नग उलटा करायचा, शिवण बघायची, लोंबणारे धागे कापायचे आणि पास करायचा, नाहीतर परत पाठवायचा. मास्तर तिथले कटिंग मास्टर. शिवणारा चुकला तर उसवता येतं. कापणारा चुकला की संपलं. त्यामुळे त्यांच्या टेबलाजवळ मालकसुद्धा हळू बोलायचे.

पूर्ण नाव रंगनाथ किसन साळवे. गाव जालना, मुक्काम कांजूरमार्ग. दोन बस बदलून यायचे आणि तरी शर्टाला एक चुणी नसायची. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, भर मे महिन्यातसुद्धा. टेप गळ्यात असायची, पण ती नुसती लोकांना दाखवायला. माप सगळं बोटांत. इथे दोन बोटं सोडा, तिथे एक बोट आत घ्या. माणसाकडे बघताना चेहरा बघायचेच नाहीत, खांदे बघायचे. आमच्याकडे कपड्यांचे नमुने घ्यायला एक बाई यायच्या, त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाले, तुमचा उजवा खांदा अर्धं बोट खाली आहे, पर्स डाव्या बाजूला घेत जा. बाई अशा चपापल्या की पुढच्या वेळी खरंच डाव्या खांद्यावर पर्स घेऊन आल्या.

बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते जालन्याच्या चालीत. "कामून" म्हणायचे, "म्हणलं" म्हणायचे. मला कायम "परबबाई" आणि "तुम्ही". मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, कोकणातली, तोंडाळ, सगळ्यांना अरेतुरे करणारी. पण मास्तरांसमोर माझीही जीभ सरळ व्हायची.

त्यांची खुन्नस कशी असायची ते सांगते. आमचा एक सुपरवायझर होता. मास्तर नवीन लागले तेव्हा त्यानं चहाच्या कपांमधला एक कप खिडकीत वेगळा काढून ठेवला. बोलला काहीच नाही, नुसता ठेवला. मास्तर काय ते समजले. दुसऱ्या दिवसापासून घरून थर्मास आणायला लागले. रोज चार वाजता टेबलावर थर्मास उघडायचे आणि सगळ्यांना आग्रह करून चहा द्यायचे. शिलाईवाल्या बायकांना, प्रेसवाल्याला, वॉचमनला, मला. फक्त त्या सुपरवायझरला नाही. तो समोर बसलेला असायचा. आलं घातलेला चहा, वास अख्ख्या गाळ्यात. नऊ वर्षं हे चाललं. सुपरवायझर निवृत्त झाला त्या दिवशी स्वतःच उठून आला, कप पुढे केला आणि म्हणाला, मास्तर, आज तरी द्या. मास्तरांनी थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाले, संपला. थर्मास अर्धा भरलेला होता, मी उचलून बघितला. नंतर मी त्यांना विचारलं तर म्हणाले, नऊ वर्षं उकळलेला होता परबबाई, त्यांना पचला नसता.

तर असे मास्तर. आणि त्यांना वेड होतं एका पुस्तकाचं.

कटिंगवाल्यांना फर्मे लागतात. फर्मा म्हणजे जाड पुठ्ठ्यावर कापलेला नमुना. पाठ, पुढा, बाही, कॉलर, प्रत्येकाचा वेगळा. फर्मा कापडावर ठेवायचा, भोवती खडू फिरवायचा आणि कापायचं. चांगला पुठ्ठा मिळावा म्हणून मास्तर घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडे जायचे. तिथे त्यांना एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश मिळाला. घेतला तो कव्हरसाठी. कव्हर फाडून कॉलरचा फर्मा केला, आणि आतलं पुस्तक फेकायच्या आधी सहज उघडलं ते उघडलंच. शब्दाचा अर्थ तर त्यात होताच, शिवाय तो शब्द कुठून कुठून फिरत आला तेही दिलेलं. मास्तर आठवी शिकलेले. इंग्रजी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचे. पण आपल्या धंद्यातले शब्द त्यांनी एकेक करून सगळे शोधून काढले.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण याच पुस्तकावरून झालं. एका कुर्त्याची चीर एका बाजूला वर आणि एका बाजूला खाली आली होती. मी तो नग त्यांच्या टेबलावर टाकला आणि म्हटलं, मास्तर, ही काय फॅशन आहे का? ते शांतपणे म्हणाले, हो, फॅशनच आहे, तशी ऑर्डर आहे. आणि परबबाई, फॅशन म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे का?

मला काय माहीत असणार. आमच्या घरात फॅशन ही शिवी होती. मी केस मोकळे सोडले की आई विचारायची, "खंय चललंस गो फॅशन करून?" शाळेत बाई म्हणायच्या, अभ्यास नको, नुसती फॅशन हवी. फॅशन मारणं, फॅशनमध्ये राहणं, फॅशनचं भूत. कधी चांगल्या अर्थानं मी तो शब्द ऐकलाच नव्हता. मास्तरांनी दुपारच्या सुट्टीत पुस्तक काढलं, पान उघडलं आणि बोट ठेवून मला समजावलं. शब्द मूळचा लॅटिन. फ्रेंच लोकांच्या तोंडातून फिरून इंग्रजीत आला. मुळात अर्थ एवढाच, करणं. हातानं घडवणं. पुढे घडवलेल्या वस्तूच्या आकाराला फॅशन म्हणायला लागले, मग करायच्या पद्धतीला, मग मोठ्या लोकांच्या राहण्याच्या पद्धतीला, आणि सगळ्यात शेवटी कपड्यांना. फॅक्टरी हा शब्दसुद्धा त्याच घरातला. गट, टोळी याला इंग्रजीत जो फॅक्शन शब्द आहे, तोही तिथलाच. म्हणून या फॅशनवाल्यांचं एकमेकांशी पटत नाही, असं म्हणून मास्तर स्वतःशीच हसले. टेलर म्हणजे कापणारा, शिवणारा नव्हे, हेही त्यांनीच मला सांगितलं, आणि ते सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली होती. स्टाईल म्हणजे मुळात लिहायची टोकदार काडी. पण त्यांचा लाडका शब्द फॅशन. फॅक्टरी आणि फॅशन एकाच आईच्या लेकी आहेत, म्हणायचे, मग एक खाली बसते आणि एक स्टेजवर चढते, हे कामून?

आता रिया मॅडम. मालकांची सून. परदेशात फॅशनचं शिकून आली आणि आल्या आल्या गाळ्याच्या एका कोपऱ्यात काचेची केबिन बांधून घेतली. आम्हाला नावानं हाक मारायची नाही. मास्तर तिला मास्टरजी, आणि आम्ही सगळ्या बायका "दीदी लोग".

त्या दिवसांत माझा खांदा फार दुखायचा. डबा, छत्री, भाजी, सगळं एकाच खांद्यावर. मास्तरांनी ते बघितलं असणार. एक दिवस उरलेल्या कापडाची एक बिनबाह्यांची बंडी शिवून त्यांनी माझ्या हातात ठेवली. घातली तर काय सांगू, अंगावर काही आहे असं वाटेना. पिशवी खांद्यावर घेतली तरी कुठे काचत नाही. मी उलटी करून बघितली. सगळ्या कपड्यांना खांद्यावर जी शिवण असते, ती इथे नव्हतीच. दोन बोटं मागे सरकलेली होती.

मी विचारलं तेव्हा मास्तरांनी त्यांच्या वडलांची गोष्ट सांगितली. किसन साळवे जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल होते. दिवसभर धान्याची पोती उजव्या खांद्यावर. बंडीची शिवण बरोबर पोत्याखाली यायची आणि घासून घासून खांद्याला जखम व्हायची. शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, बंडी अशीच असते. मग किसन साळवे स्वतः दाभण घेऊन बसले. पोती शिवायचं दाभण. पुढचा भाग लांब ठेवला, खांद्यावरून मागे ओढला आणि शिवण पाठीवर टाकली. दोन-तीन बंड्या वाया घालवल्या, मग जमलं. ते वारल्यावर मास्तरांनी त्यांची शेवटची बंडी उसवली, कागदावर उतरवली आणि फर्मा केला. इतकी वर्षं तो फर्मा गाळ्यात नुसता खिळ्याला टांगलेला होता, पहिली बंडी त्यांनी माझ्यासाठी कापली.

ती बंडी माझ्याच अंगावर असताना रिया मॅडमनी बघितली. म्हणजे चोरीला सुरुवात माझ्यापासून झाली, आणि म्हणूनच माझा राग जात नाही.

मॅडमनी मला उभं करून गोल फिरवलं. किसने बनाया? मास्तर पुढे आले, त्यांनी वडलांचं सगळं सांगितलं. मॅडमनी मान डोलावत ऐकलं. मग त्यांनी मास्तरांकडून रेशमी कापडात आठ बंड्या करून घेतल्या, जुहूच्या एका मोठ्या हॉटेलात शो होता त्यासाठी. प्रत्येक कपड्याला एक छोटं कार्ड बांधायचं होतं. मॅडम स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या, मास्टरजी, कार्डपर आपका भी नाम रहेगा. मी तिथेच उभी होते. त्या दिवशी चार वाजता चहा देताना मास्तरांनी मला दोनदा दिला.

शोला आम्हा दोघांना नेलं होतं, टाचण्या लावायला. पडद्याच्या मागून ऐकू येत होतं. मॅडम माइकवर सांगत होत्या, मी गावागावांतून फिरले, तिथल्या मातीतून मला हा कट सुचला. लोक टाळ्या वाजवत होते. मी एका बंडीचं कार्ड उलटंपालटं करून बघितलं. दोन्ही बाजूंना एकच नाव, मॅडमचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, मास्तर, मी आत्ता बाहेर जाऊन माइक ओढते. ते म्हणाले, परबबाई, तोंडात टाचण्या आहेत, आधी त्या काढा.

दुसऱ्या दिवशी मास्तर पिशवीतून तो बिनकव्हरचा शब्दकोश घेऊन आले. केबिनच्या दारात उभे राहिले आणि कार्डाचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मास्टरजी, आपने सिया है, बहुत अच्छा सिया है. लेकिन फॅशन तो मैंने की ना?" मास्तरांनी टेबलावर पुस्तक उघडलं. बोट ठेवून, अडखळत, त्यांनी तो अख्खा परिच्छेद तिला वाचून दाखवला. लॅटिन, फ्रेंच, करणं, घडवणं, सगळं. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळेतल्या मुलासारखा उभा राहून. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं, मग फोन काढून त्यांचा फोटो घेतला आणि म्हणाल्या, सो क्यूट.

मी आजवर पुष्कळ शिव्या ऐकल्या, दिल्याही. पण त्या दोन शब्दांइतकी घाणेरडी शिवी मी ऐकलेली नाही.

मास्तरांनी त्याच दिवशी काम सोडलं. जाताना वॉचमननं त्यांची पिशवी तपासली, मॅडमचा हुकूम होता. फर्मे कंपनीचे, घरी न्यायचे नाहीत. मास्तरांनी वाद घातला नाही. उलट सगळे फर्मे नंबरवार लावून खिळ्याला टांगून दिले, बंडीचा सगळ्यात वर. निघताना मला म्हणाले, सांभाळा. आणि गालात हसले.

ते का हसले ते त्या गाळ्यात मला एकटीला कळलं. मास्तरांच्या फर्म्यांत माया नसायची. माया म्हणजे शिवणीत आत जाणारं जादा कापड. बाकी सगळे मास्टर ती फर्म्यातच धरतात. मास्तर फर्मा नेमका अंगाच्या मापाचा कापायचे आणि माया खडू फिरवताना बोटांनी सोडायचे, पाठीला दोन बोटं, बगलेला एक, गळ्याला अर्धं. का, तर प्रत्येक कापड वेगळं धावतं, म्हणायचे. त्यांच्या बोटांशिवाय तो फर्मा म्हणजे नुसता पुठ्ठा.

महिन्याभरात बंडीची मोठी ऑर्डर आली. मॅडमनी येवल्याच्या विणकरांकडून खास हातमागाचं रेशीम विणून आणवलं. नवीन कटिंग मास्टर ठेवला होता, कुर्ल्याचा अन्वर, चांगला कारागीर. त्यानं फर्मा हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि मॅडमना विचारलं, इसमें माया है क्या? मॅडम म्हणाल्या, सब है, एक सूत भी चेंज नहीं करना. नमुन्याचा नग करून बघू का, त्यानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, नमुना कधीच पास झालाय, वेळ नाही. अन्वरनं माझ्याकडे बघितलं. गाळ्यातली सगळ्यात जुनी मी. मी खाली बघून धागे कापत राहिले.

खोटं कशाला बोलू? मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले. त्या मिनिटाला मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

कापडाचे थरावर थर लावून एकाच वेळी कापतात. दीडशेहून जास्त बंड्या एका दुपारी कापून झाल्या. तिसऱ्या दिवशी पहिला नग शिवून माझ्याकडे आला, मॅडमनी मॉडेल मुलीला घालायला दिला, तर खांद्यावरून खाली उतरेना. दुसरा दिला, तोही तसाच. मग मॅडम किंचाळायला लागल्या. सगळ्या ऑर्डरची वाट लागली होती. अन्वरला त्याच संध्याकाळी काढून टाकलं.

मी तडक कांजूरमार्गला मास्तरांच्या घरी गेले, जाताना गरम जिलबी घेतली. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, दार उघडलं. मास्तर टेबलाशी बसले होते, समोर मोबाइल. मी सगळं रंगवून सांगितलं, मॅडम कशा किंचाळल्या, ती मुलगी बंडीत कशी अडकली. मला वाटलं मास्तर हसतील. त्यांनी विचारलं, "कापड कुठलं होतं?"

मी म्हटलं, येवल्याचं, हातमागाचं.

त्यांनी जिलबीची पुडी बाजूला सारली. मग म्हणाले, तो विणकर महिनाभर मागावर बसला असेल, त्याचं तरी नाव कुठे होतं कार्डावर? आणि तो कुर्ल्याचा मास्टर? त्यानं तुम्हाला विचारलं होतं ना? मी उलट बोलले, मास्तर, तुम्हीच तर हसत हसत फर्मे टांगून आलात, मग तुम्हाला काय वाटलं होतं? तेव्हा ते जे म्हणाले ते मी कधी विसरणार नाही. "मला वाटलं, फोन येईल. एकदा तरी विचारावं लागेल तिला, मास्तर, माया किती सोडायची. तेवढं विचारलं असतं तरी झालं होतं." काम सोडल्यापासून ते रोज फोन समोर घेऊन बसत होते, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं.

माझी जिलबी तशीच राहिली. मला पहिल्यांदा लाज वाटली, मॅडमपुढे नव्हे, त्या विणकरापुढे आणि अन्वरपुढे.

फोन काही आला नाही, मॅडम स्वतःच आल्या. चाळीच्या बोळात गाडी शिरेना म्हणून चालत. ऑर्डर बुडाली तर सासऱ्यांनी केबिन बंद करायची धमकी दिली होती म्हणे. मास्टरजी, कुछ कीजिये. मास्तरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन अटी घातल्या. अन्वरला परत घ्यायचं, आणि कार्डावर नाव. मॅडम दोन्हीला हो म्हणाल्या.

मास्तर आठ दिवस गाळ्यात आले. प्रत्येक बंडीच्या दोन्ही बगलांत आणि पाठीत दोन बोटं रुंदीची पट्टी जोडायची, दुसऱ्या रंगाची. कापायला अन्वर, शिवायला मास्तर स्वतः. खांद्याच्या शिवणीत ताण धरायला आतून एक सुती फीत घालतात, अस्तराखाली जाते, कुणाला दिसत नाही. त्या फिती मास्तर घरून तयार करून आणायचे. पाचव्या दिवशी नवीन कार्डं छापून आली. त्यावर मॅडमचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, गावच्या कारागिरांच्या सहकार्यानं. कुठल्या गावच्या, कुठल्या कारागिरांच्या? माझ्या डोळ्यांत पाणी आलं रागानं. मी मास्तरांना म्हटलं, आता कात्री घ्या आणि उभ्या फाडा सगळ्या. ते म्हणाले, कापडानं काय केलंय? आणि अस्तर न लावलेली एक बंडी माझ्यासमोर सरकवली, चेक करा म्हणाले.

मी उलटी केली. खांद्याच्या फितीवर पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं, मशिनीनं लिहिलेलं होतं. किसन साळवे, हमाल, जालना. दुसऱ्या खांद्यावरही तेच. मी दुसरी बंडी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांना. मास्तरांना कार्ड यायच्या आधीपासून माहीत होतं कार्डावर काय येणार ते.

मी हळू आवाजात भांडले त्यांच्याशी. तुमचं नाव का नाही घातलंत? एवढं सगळं तुम्ही केलंत. मास्तर म्हणाले, "मी नुसता उतरवला, परबबाई. करणारा तो. खांदा त्याचा सोलला होता."

मी सगळ्या बंड्या पास केल्या. इतक्या खुशीनं मी आयुष्यात कधी शिक्का मारलेला नाही.

आणि गंमत ऐका. ती बगलेतली पट्टी, जी मॅडमची चूक झाकायला लावली होती, तीच लोकांना आवडली. पुढच्या दिवाळीला जो तो बगलेत वेगळ्या रंगाची पट्टी लावून फिरतोय. घाटकोपरच्या फूटपाथवर, मानखुर्दच्या बाजारात, सगळीकडे. मॅडमचा मासिकात मोठा फोटो आला, तीच बंडी घालून, खांद्यावर हात ठेवून हसतायत. मी तो फोटो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. दर वेळी कपाट उघडलं की मी तो खांदा बघते आणि मला चांगली झोप लागते.

मास्तरांना मी शेवटचं बघितलं, ते कांजूरमार्ग सोडून जालन्याला मुलाकडे राहायला निघाले त्या सकाळी. घरभर गाठोडी, वहिनी भांडी पोत्यात भरतायत, मास्तर जमिनीवर बसून मशीन चादरीत गुंडाळत होते. मी दोरी धरली होती. तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर मॅडमचं नाव. मास्तरांच्या हातांना खडू लागलेला, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

मॅडमचा आवाज फार गोड होता. वांद्र्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं बंडी सैल करायला आतून उसवली होती, आणि आत नाव सापडलं होतं. ती गिऱ्हाईक बाई विचारत होती, हा नवीन डिझायनर कोण, आपल्याला कधी सांगितलं नाही. "मास्टरजी, ये किसन साळवे कौन है?"

"मेरे पिताजी, मॅडम," मास्तर म्हणाले. "हमाल थे. लिखा है ना?"

मग मॅडमनी विचारलं, कितनों में डाला है?

"सबमें. फोटो में आपने जो पहनी है, उसमें भी. दोनों कंधों पे." मास्तरांनी दोरीला गाठ मारली, ओढून घट्ट केली. "निकालना मत, मॅडम. शिवण उसीपे टिकी है. निकाला तो कंधा खुल जायेगा."